मातीचे पापुद्रे आणि प्लास्टिकचे वेष्टन

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा लिखित पाठ)



बडोद्याहून पुण्याला किंवा परदेशी जाणाऱ्या पाहुण्याच्या सामानात भाकरवडीचे अथवा चिवड्याचे एखादे चकचकीत पाकीट असतेच. ते पाकीट फुगलेले असते, कारण त्यात हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असतो. दोन महिन्यांनी ते फोडले तरी भाकरवडी कुरकुरीत निघते. तीच भाकरवडी साध्या पारदर्शक पिशवीत बांधून ठेवली तर काही आठवड्यांतच मऊ पडते आणि तिला खवट वास येऊ लागतो. पदार्थ तोच, तेल तेच, आचारीही तोच. फरक पडतो तो केवळ केसाहूनही पातळ अशा एका आवरणाचा. आजच्या व्याख्यानाचा विषय हे आवरण आणि त्यात अतिसूक्ष्म कण मिसळून ते सुधारण्याचे जे प्रयत्न गेली तीन-चार दशके चालू आहेत, ते प्रयत्न हा आहे.

प्लास्टिकच्या पिशवीतून पाणी गळत नाही, म्हणून तिच्यातून काहीच आत-बाहेर जात नसावे असा सर्वसाधारण समज असतो. तो खरा नाही. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब रेणुशृंखलांचा गुंता. हा गुंता सतत हलत असतो आणि त्यात क्षणोक्षणी बारीक पोकळ्या निर्माण होऊन नाहीशा होत असतात. प्राणवायूचा रेणू एका पोकळीतून दुसरीत उड्या मारत पलीकडे पोहोचतो. दुधाच्या पिशवीचे पॉलिएथिलीन पाण्याची वाफ बऱ्यापैकी अडवते, परंतु प्राणवायूला ते जवळजवळ मोकळे दार आहे. उलट एथिलीन व्हिनाइल अल्कोहोल नावाचे एक बहुवारिक प्राणवायूला पॉलिएथिलीनपेक्षा हजारो पटींनी अधिक रोखते, मात्र ओलसर झाले की त्याचा हा गुण झपाट्याने घटतो. सगळे गुण एकाच प्लास्टिकच्या अंगी नाहीत.

यावर उद्योगाने काढलेला तोडगा थरांचा आहे. चिवड्याच्या पाकिटात सामान्यतः बाहेर छपाईचा पॉलिप्रॉपिलीनचा थर असतो, आत ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला दुसरा थर असतो आणि या दोहोंना चिकटवणारे द्रव्य मध्ये असते. हा ॲल्युमिनियमचा मुलामा काही दहा नॅनोमीटर एवढाच जाड असतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. इतका पातळ मुलामासुद्धा प्राणवायूचा शिरकाव वीस, पन्नास, कधी शंभर पटींनी कमी करतो. लोणच्याच्या, सॉसच्या, शांपूच्या पुड्यांत थर याहूनही अधिक असतात.

तोडगा उत्तम आहे, पण त्याची किंमत कचरापेटीपाशी मोजावी लागते. दुधाच्या रिकाम्या पिशव्या घरोघरी धुऊन ठेवल्या जातात आणि भंगारवाला त्या वजनावर विकत घेतो, कारण ते एकाच जातीचे प्लास्टिक असते व वितळवून पुन्हा वापरता येते. चिवड्याच्या पाकिटाला तो हात लावत नाही. एकमेकांना घट्ट चिकटलेले निरनिराळे थर सुटे करणे त्याला काय, मोठ्या कारखान्यालाही परवडत नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत पुनश्चक्रण न होणारी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करावीत असे कलम होते. २०१८ मध्ये त्या कलमाची भाषा बदलली. ज्या वेष्टनाचे पुनश्चक्रणही होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळवता येत नाही आणि ज्याचा अन्य उपयोगही नाही, अशांपुरतेच ते उरले. सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाण्याची वाट खुली असल्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक पाकिटे या कलमातून सुटली. नियम सैल का झाला, याचे एक उत्तर तंत्रज्ञानात आहे: पाकिटाला समर्थ पर्याय हाताशी नव्हता. एकाच जातीच्या प्लास्टिकमध्ये थोडेसे काही मिसळून त्यालाच वायुरोधक करता आले तर थरांची गरज उरणार नाही, आणि भंगारवाला चिवड्याचे पाकीटही दुधाच्या पिशवीसारखे उचलील. नॅनोकणांविषयीच्या आशेचे मूळ येथे आहे.

प्लास्टिकमध्ये काही मिसळणे ही गोष्ट नवी नव्हे. खडूची भुकटी, शंखजिरे, काचेचे तंतू हे सारे प्लास्टिकच्या कारखान्यात पोत्यांनी येते. त्याला सरसकट फिलर म्हणतात. खडू बहुधा माल स्वस्त करण्यासाठी घालतात, शंखजिरे तो ताठ करण्यासाठी. टायरला काळा रंग देणारी काजळी तर शंभराहून अधिक वर्षे रबराला बळकटी देत आली आहे आणि तिचे कण दशांश-शतांश मायक्रॉनच्या मापाचे, म्हणजे नॅनोच आहेत. ‘नॅनो’ हा शब्द फॅशनमध्ये येण्याच्या फार आधीपासून मालमोटारी नॅनोकणांवरच धावत होत्या, असे म्हणायला हरकत नाही.

तथापि वेष्टनाच्या दृष्टीने कलाटणी मिळाली ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, जपानमध्ये. तेथील टोयोटा मोटार उद्योगाच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत अकाने ओकादा, अरिमित्सु उसुकी आणि त्यांचे सहकारी नायलॉन-६ मध्ये चिकणमाती मिसळण्याच्या खटपटीत होते. त्यांनी तयार मातीत तयार नायलॉन कालवले नाही. मातीच्या पापुद्र्यांमध्ये नायलॉनचा कच्चा माल, म्हणजे कॅप्रोलॅक्टम, आधी शिरू दिला आणि मग तेथेच त्याची शृंखला वाढवली. वाढत्या शृंखलांनी पापुद्रे आतूनच एकमेकांपासून दूर ढकलले. वजनाने चार टक्क्यांच्या आसपास एवढ्याच मातीने नायलॉनचा ताठपणा दुप्पट झाला, बळकटी दीडपट झाली आणि भाराखाली वाकण्याचे तापमान सुमारे ८० अंश सेल्सिअसने वर गेले. या द्रव्याचा उपयोग मोटारीच्या इंजिनातील पट्ट्याच्या झाकणासाठी झाला. पाठोपाठ १९९३ मध्ये त्याच गटाने पॉलिइमाइड या दुसऱ्या बहुवारिकाची हकिकत प्रसिद्ध केली. केवळ दोन टक्के मातीने त्यातून पाण्याच्या वाफेचे जाणे निम्म्याहून कमी झाले होते. मोटारवाल्यांनी लावलेला हा शोध त्यानंतर वेष्टनवाल्यांनी उचलून धरला. बडोदेकरांना यात एक धागा जवळचा वाटेल: हेच कॅप्रोलॅक्टम आणि नायलॉन-६ येथील फर्टिलायझरनगरच्या कारखान्यात तयार होते.

ही माती कोणती? शास्त्रीय नाव मॉन्टमोरिलोनाइट. फ्रान्समधील मॉन्टमोरियाँ गावाजवळ ती सापडली म्हणून १८४७ मध्ये तिला हे नाव मिळाले. नाव परके असले तरी ओळख जुनी आहे. वैशाखात विदर्भ-मराठवाड्याच्या, माळव्याच्या किंवा भरूच-कानमच्या शेतातून चालताना काळ्या जमिनीला ज्या हातभर खोल भेगा पडलेल्या दिसतात, त्या या मातीच्या गुणामुळे. दख्खनच्या अग्निजन्य काळ्या खडकाची झीज होऊन जी कापसाची काळी जमीन बनली, तिच्यातील चिकणमातीत मुख्य वाटा याच कुळीतल्या खनिजांचा आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. घराचा पाया तिच्यावर घालताना गवंडी कचरतो तो याच कारणाने. कच्छमध्ये तर या खनिजाचे जवळजवळ निव्वळ साठे आहेत. त्यांना बेंटोनाइट म्हणतात आणि त्यांचेही मूळ दख्खनच्याच ज्वालामुखी खडकांशी निगडित आहे.

ती फुगते का, हे समजले की पुढचे सारे समजते. या मातीचा कण म्हणजे पापुद्र्यांची चवड. एकेक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर जाड आणि शंभर ते काहीशे नॅनोमीटर रुंद. त्याच्या घडणीत सिलिकेच्या दोन पदरांमध्ये ॲल्युमिनाचा एक पदर असतो. मधल्या पदरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमची जागा मॅग्नेशियमने घेतलेली असल्यामुळे संपूर्ण पापुद्र्यावर थोडा ऋण विद्युतभार राहतो. तो भार फेडण्यासाठी सोडियम किंवा कॅल्शियमचे धन आयन दोन पापुद्र्यांच्या फटीत येऊन बसतात. या आयनांना पाण्याची ओढ असते. पाणी फटीत शिरते आणि चवड फुगते. एका ग्रॅम मातीचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरले तर सुमारे साडेसातशे चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे बॅडमिंटनची नऊ मैदाने.

आता हे पापुद्रे प्लास्टिकमध्ये नेमके काय करतात ते पाहू. जुन्या बडोद्याच्या पोळांतून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या माणसाला नकाशावर अंतर थोडे दिसते, परंतु दर वळणावर कुणाची तरी भिंत आडवी येते. प्राणवायूच्या रेणूची अवस्था तशीच होते. पापुद्र्यातून त्याला आरपार जाता येत नाही. कडेपर्यंत जाऊन वळसा घ्यावाच लागतो. लॉरेन्स नीलसन या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये, म्हणजे टोयोटाच्याही वीस वर्षे आधी, या वळशांचा हिशेब मांडला होता. तो दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगा आहे.

दुधाच्या पिशवीसारखा ५० मायक्रॉन, म्हणजे ५०,००० नॅनोमीटर जाडीचा एक पडदा घ्यावा. त्यात आकारमानाने दोन टक्के पापुद्रे, सगळे पडद्याला समांतर आडवे, आहेत असे धरावे. वजनाने ही माती पाच टक्क्यांच्या आसपास भरेल. सरळ रेषेत पलीकडे निघालेल्या रेणूच्या वाटेत मातीची एकूण जाडी पडद्याच्या दोन टक्के, म्हणजे १,००० नॅनोमीटर येते. पापुद्रा एक नॅनोमीटर जाड, म्हणून आडवे येणारे पापुद्रे झाले एक हजार. पापुद्रा शंभर नॅनोमीटर रुंद असेल तर नीलसनच्या गृहीताप्रमाणे दर पापुद्र्यामागे सरासरी पन्नास नॅनोमीटरचा वळसा पडतो. हजार वळशांचे ५०,००० नॅनोमीटर झाले. म्हणजे पडद्याच्या जाडीइतकेच आणखी अंतर, आणि वाट दुप्पट. पलीकडे पोहोचणारा प्राणवायू साधारण निम्मा होतो. पापुद्रे दोनशे नॅनोमीटर रुंद मिळाले तर तो एक-तृतीयांशावर येतो.

त्याऐवजी तेवढीच खडूची भुकटी घातली तर? एक मायक्रॉनचा खडूचा कण रेणूच्या वाटेत सरासरी एकदाच येईल आणि अर्ध्या मायक्रॉनचा वळसा देईल. वाट एका टक्क्याने वाढेल. साराच फरक आकाराचा आहे. कागदाचा एक सेंटिमीटर चौरस तुकडा घेतला तर त्याची रुंदी आणि जाडी यांचे प्रमाण जेवढे, साधारण तेवढेच मातीच्या पापुद्र्याचे असते. ‘नॅनो’ या शब्दाची जादू लहानपणात आहे असे वाटते, पण इथे खरे काम चपटेपणा करतो.

याच हिशेबात उद्योगाची डोकेदुखीही दडली आहे. पापुद्रे एकेक सुटे न होता दहा-दहांच्या गठ्ठ्यात राहिले तर आडवे येणारे अडथळे हजारांऐवजी शंभर होतील, आणि वाट दुपटीऐवजी केवळ एक-दशांशाने वाढेल. माती तेवढीच, खर्च तेवढाच, पण फायदा जवळपास नाहीसा. पिठले करताना पीठ एकदम उलाथले की गुठळ्या होतात आणि मग कितीही घोटले तरी त्या मोडत नाहीत, हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक आहे. मातीची गाठ पिठल्याच्या गुठळीहून चिवट असते, कारण तिच्या पापुद्र्यांना विद्युतभाराने एकमेकांशी बांधलेले असते. शिवाय या मातीला पाण्याची ओढ, तर पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही जातीची तेलकट. दोघांचे जमावे कसे?

त्यावरील उपाय समजण्यासाठी चिरोट्याकडे पाहावे. पोळ्या एकावर एक रचून नुसत्या तळल्या तर त्यांचा एकच गोळा होतो. दोन पोळ्यांमध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावला की पदर सुटतात. मातीच्या पापुद्र्यांना लावायचा साटा म्हणजे लांब तेलकट शेपटी असलेले अमोनियम संयुग. त्याचे धनभारित डोके सोडियमची जागा घेऊन पापुद्र्याला चिकटते आणि शेपटी फटीत पसरते. त्यामुळे फट रुंदावते आणि तेलकट प्लास्टिकला आत शिरण्यास वाव मिळतो. अशा मातीला ऑर्गॅनोक्ले म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनच्या बाबतीत एवढ्यानेही भागत नाही. मॅलेइक ॲनहायड्राइडची कलमे बांधलेले थोडे पॉलिप्रॉपिलीन मध्यस्थ म्हणून घालावे लागते. ही युक्तीही टोयोटाच्याच गटाने १९९७ मध्ये दाखवली. त्यानंतर दोन मळसूत्रांच्या यंत्रात तापवून, मळून, ताणून पापुद्रे सुटे करायचे.

साटा लावण्यातही अडचणी आहेत. ही अमोनियम संयुगे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास विघटित होऊ लागतात, आणि पॉलिप्रॉपिलीन नेमके त्याच तापमानाला वितळवून काम करतात. पीईटीला तर २७० अंशांच्या वर न्यावे लागते. साटा जळला की फट पुन्हा मिटते आणि प्लास्टिकला पिवळसर झाक येते. दुसरी गोष्ट विशेषतः भारतीय पालकांना खटकेल अशी आहे. बाजारातील प्रचलित ऑर्गॅनोक्लेपैकी अनेकांतील ती लांब शेपटी प्राण्यांच्या चरबीपासून मिळवलेली असते. वनस्पतिजन्य पर्याय उपलब्ध आहेत, पण ते मागावे लागतात. पाकिटावर हिरवा ठिपका लावणाऱ्या उत्पादकाने वेष्टनाच्या पुरवठादाराला हा प्रश्न विचारायला हवा.

मग या सगळ्याचे फलित काय? शोधनिबंध हजारोंनी निघाले. व्यवहारात यश मिळाले ते मोजक्या ठिकाणी. अमेरिकेत बिअरच्या प्लास्टिक बाटल्यांत पीईटीच्या दोन थरांमध्ये नायलॉन आणि माती यांच्या मिश्रणाचा थर वापरला गेला. २००० नंतर लवकरच एका प्रसिद्ध कंपनीने टेनिसच्या चेंडूला आतून रबर आणि व्हर्मिक्युलाइट मातीच्या पापुद्र्यांचा लेप दिला. हवा हळू निघत असल्यामुळे चेंडू अधिक काळ उसळता राहिला. पण चिवड्याचे पाकीट? ते आजही बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मुलाम्याचेच आहे.

याचे कारण वर केलेल्या साध्या गणितातच आहे, आणि उत्साहाच्या भरात ते पुष्कळदा दृष्टीआड झाले. माती मिसळल्याने वायूची गळती निम्मी होते, फार तर तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. पॉलिप्रॉपिलीनला मात्र वीस ते शंभर पटींची सुधारणा हवी असते, आणि पॉलिएथिलीनला एथिलीन व्हिनाइल अल्कोहोलच्या पंक्तीला बसवायचे तर हजारो पटींची. दार सताड उघडे असताना एक फळी लावून थंडी अडत नाही. जेथे मूळ प्लास्टिकच बऱ्यापैकी वायुरोधक आहे, उदाहरणार्थ नायलॉन किंवा पीईटी, तेथे दुप्पट-तिप्पट सुधारणाही मोलाची ठरते. बाटलीचे शीतपेय दोन महिन्यांऐवजी चार महिने टिकले तर व्यापाराचे चित्रच पालटते. पण बहुस्तरीय पाकिटाला पर्याय म्हणून ‘पॉलिएथिलीनमध्ये पाच टक्के माती’ हे सूत्र पुढे करणे म्हणजे गणिताकडे पाठ फिरवणे होय.

अधिक आश्वासक वाटते ती दुसरी वाट. पापुद्रे प्लास्टिकच्या पोटात विखुरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर लेप म्हणून, विटांच्या भिंतीसारखे दाटीने रचावेत. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील जेमी ग्रनलन यांच्या गटाने २०१० मध्ये पाण्यात कालवलेली मॉन्टमोरिलोनाइट माती आणि बहुवारिके यांत पीईटीचा पडदा आळीपाळीने बुडवून सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा पारदर्शक लेप चढवला. त्यातून जाणारा प्राणवायू बाजारातील उपकरणांच्या मोजण्याच्या मर्यादेखाली गेला. आधीच्या हिशेबाशी तुलना केली तर नवल वाटते. तेथे हजार पापुद्रे विरळ विखुरलेले होते, तर येथे थोडेच, पण एकमेकांवर गच्च बसलेले. अशा लेपात माती पाण्यातच काम करते, त्यामुळे चरबीचा साटा नको आणि २०० अंशांची भट्टीही नको. लेप इतका पातळ असतो की मूळ प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरताना त्याची फारशी अडचण होऊ नये. अडचण आहे ती वेगाची. प्रयोगशाळेत पडदा पुन्हापुन्हा बुडवून, धुऊन, वाळवला जातो, तर छपाईच्या कारखान्यात पडदा मिनिटाला शेकडो मीटर वेगाने धावतो. शिवाय दमट हवेत असे लेप पाणी शोषतात आणि गुणाला उतरतात, तेव्हा लेपावर पुन्हा संरक्षक आवरण घालावे लागते. या अडचणी अवघड असल्या तरी अभियांत्रिकीच्या आहेत. त्यांत निसर्गनियमाशी भांडण नाही.

पालकांच्या मनात एव्हाना दुसरा प्रश्न उभा राहिला असेल: हे कण पोटात गेले तर? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे एकच सरसकट उत्तर नाही. मातीचा पापुद्रा शेकडो नॅनोमीटर रुंद असतो. घट्ट प्लास्टिकच्या गुंत्यातून वाट काढत अन्नापर्यंत पोहोचणे त्याला फार कठीण असते. फारच लहान कणांची गोष्ट वेगळी. किंबहुना मातीपेक्षा तिला लावलेला साटा अधिक चंचल असतो. तपासणी करायची ती प्रथम त्याची. चांदीच्या नॅनोकणांचा प्रकार आणखी निराळा. ते जंतुनाशक म्हणूनच घालतात, आणि त्यांचे काम चालते ते त्यांतून चांदीचे आयन सुटतात म्हणून. ‘अन्न ताजे ठेवणारा डबा’ अशी जाहिरात करणाऱ्या अशा काही डब्यांची विक्री अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१४ मध्ये थांबवली, कारण जंतुनाशक म्हणून त्यांची आवश्यक नोंदणी व तपासणी झालेली नव्हती. फ्रिज आणि स्वच्छता हे उपाय असताना स्वयंपाकघरातील डब्यात चांदीचे कण हवेत कशाला, हा साधा प्रश्नही कुणी विचारत नाही.

भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या सर्व द्रव्यांची एकत्रित मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा वजनाची आहे. कणांचा आकार तिच्या हिशेबात येत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमावलीत नॅनोरूपातील द्रव्य, त्याच नावाचे मोठ्या कणांचे द्रव्य मान्य असले तरी, स्वतंत्र तपासणीशिवाय वापरता येत नाही. भारतातही २०२० मध्ये शेती व अन्नातील नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. ती दिशा योग्य आहे. मात्र ग्राहकाच्या पोटाची चिंता करताना कामगाराची छाती विसरता कामा नये. सुक्या मातीची भुकटी यंत्रात ओतणारा माणूस दिवसभर त्या धुळीत उभा असतो, आणि बेंटोनाइटमध्ये स्फटिकरूप सिलिकेची भेसळ नैसर्गिकच असते. नॅनोकणांचा सर्वांत निश्चित धोका आज कुणाला असेल तर तो त्याला आहे. त्याला धड मुखपट्टीही मिळतेच असे नाही.

पुनश्चक्रणाच्या आशेलाही थोडी कात्री लावणे भाग आहे. मातीमिश्रित प्लास्टिक एकाच जातीचे राहते हे खरे. पण नैसर्गिक मातीत लोह असते, आणि ते उन्हात व उष्णतेत प्लास्टिकचे वय झपाट्याने वाढवते. दोन-तीनदा वितळवलेले असे प्लास्टिक पिवळे आणि ठिसूळ होऊ शकते. म्हणून माती आधी स्वच्छ करावी लागते. लोह काढायचे, वाळू काढायची, मोठे कण गाळायचे.

आणि इथे पुन्हा कच्छ आठवतो. तेथील बेंटोनाइट जहाजे भरभरून परदेशी जाते. ते तेलविहिरी खोदताना लागणाऱ्या चिखलात, ओतकामाच्या साच्यांत, लोहखनिजाच्या गोळ्या वळण्यात आणि मांजरांच्या विधीपेटीतही वापरले जाते. आम्लप्रक्रिया केलेली हीच माती खाद्यतेलाचा रंग उतरवते. ज्या रिफाइंड तेलात चिवडा तळला गेला, ते तेल बहुधा अशाच मातीतून गाळून आलेले असते. खाणीतून टनावारी निघणारी ही माती आणि प्रयोगशाळेत ग्रॅमने तोलून घेतलेला शुद्ध पापुद्रा यांच्या किमतींत प्रचंड अंतर आहे, आणि ते अंतर कापणारे कारखाने देशात फार थोडे आहेत. बडोद्यात १९६९ मध्ये पेट्रोरसायनाचा सरकारी उद्योग उभा राहिला तेव्हा या शाळेतल्या कितीतरी घरांतून बसगाड्या भरून माणसे पाळीवर जाऊ लागली. देशात प्लास्टिक बनवण्याचे तंत्र ज्यांनी प्रथम आत्मसात केले, त्यांत ती होती. त्याआधी १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवनात रंगकाम व रसायन देशी भाषांतून शिकवले जाऊ लागले होते. आजच्या विषयाला लागणारे तिन्ही पदार्थ, म्हणजे माती, कॅप्रोलॅक्टम आणि प्लास्टिक, या शहरापासून एका रात्रीच्या प्रवासाच्या आत मिळतात. पाण्यात कालवलेल्या मातीचा लेप मिनिटाला शेकडो मीटर धावणाऱ्या पडद्यावर, दमट हवेतही टिकेल असा कसा बसवावा, हा प्रश्न अद्याप सुटायचा आहे, आणि तो सुटेपर्यंत चिवड्याचे रिकामे पाकीट भंगारवाल्याच्या गाडीबाहेरच राहणार आहे.